मागच्या पानावरचं शून्य

मंगळवारी दुपारी सव्वातीन वाजता माझ्या लक्षात आलं की मर्विन हॅडो खरं बोलत होता. तोवर तो घरी पोचला असणार, ह्यूऑन नदीकाठच्या आपल्या सफरचंदांच्या बागेत, आणि त्याच्या पिकअपच्या किल्ल्या त्याच्या मुलीच्या पर्समध्ये गेल्या असणार. मी त्याचा तपासणीचा कागद मार्क मोजायला उघडला होता. आमच्याकडे शब्दांची एक यादी असते, पंधरा साध्या शब्दांची. ती सेकंदाला एक शब्द या गतीने वाचायची, समोरच्याने आठवतील तेवढे शब्द म्हणायचे, मग पुन्हा वाचायची, अशी पाच वेळा. नंतर त्याला वीसेक मिनिटं दुसऱ्या कामात गुंतवायचं, ठोकळे जुळवायला द्यायचे, आकडे उलटे म्हणायला लावायचे, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारायचं, मघाशी वाचली त्या यादीतलं काय काय आठवतं? याचं उत्तर मागच्या पानावर लिहायचं असतं. मागच्या पानावर माझ्या अक्षरात शून्य होतं आणि खाली शेरा होता, 'यादी वाचल्याचंच नाकारतो'. पुढच्या पानावरचे पाचही रकाने कोरे होते. एक टिंबसुद्धा नाही. मी कागद उलटा केला, सुलटा केला, दोन पानं चिकटलीत का म्हणून नखाने उचकटून पाहिलं. मग उठून केराची टोपलीही पाहिली. एवढ्या वर्षांत हा उद्योग कधी केला नव्हता. टोपलीत केळ्याची साल होती आणि बिस्किटांचं रिकामं पाकीट.

सकाळचं सगळं मला लख्ख आठवत होतं, हीच तर मेख आहे. मी ग्लेनिस पॅस्को, वय त्रेसष्ट. होबार्टला बंदराच्या वरच्या चढावर, पूर्वीच्या एका दंतवैद्याच्या जागेत आमचं क्लिनिक आहे, आणि तिथे एकतीस वर्षं मी लोकांची डोकी तपासते. लोक डॉक्टर म्हणतात, पण मी सुई टोचत नाही की गोळी देत नाही. मी प्रश्न विचारते आणि उत्तरं लिहून घेते. तेवढ्यावरून कुणाचं गाडी चालवणं सुटतं, कुणाचं घर सुटतं. मर्विन अठ्ठ्याहत्तरचा होता, उंच, खांद्यात थोडा वाकलेला, हात फावड्याएवढे. मुलगी शेरिल त्याला घेऊन आली होती. बापाने मार्चमध्ये पिकअप कुंपणात घातली होती, एकदा गॅस रात्रभर चालू राहिला होता, तेवढ्यावर तिने मनाशी ठरवून टाकलं होतं की बाग विकायची आणि म्हाताऱ्याला शहरात, आपल्या घराजवळच्या दोन खोल्यांत आणून ठेवायचं. बाई वाईट नव्हती. घाबरली होती, आणि घाबरलेल्या माणसाला धीर धरवत नाही. माझा अहवाल शुक्रवारी वाहन परवाना खात्याकडे जायचा होता, आणि त्यावरच सगळं ठरणार होतं. मर्विनला ते पक्कं माहीत होतं. खुर्चीत बसता बसताच तो म्हणाला होता, "विचारा बाई, काय विचारायचं ते. फक्त पंतप्रधानाचं नाव नका विचारू. दर वेळी बदलतात लेकाचे."

आणि मग पाऊण तासाने तो संवाद झाला. तो मात्र मी शब्दन् शब्द सांगू शकते, कारण तसा संवाद माझ्या खोलीत शेकडो वेळा झालेला आहे.

"मघाशी मी तुम्हाला शब्दांची यादी वाचून दाखवली होती," मी म्हणाले. "आठवतील तेवढे शब्द सांगा."

"कुठली यादी?"

"शब्दांची. पाच वेळा वाचली."

"छे हो."

"घाई नाही. सावकाश आठवा."

"अहो बाई, आठवायला ती आधी वाचायला नको का? तुम्ही ठोकळे दिलेत, आकडे उलटे म्हणायला लावलेत, ती भिकार चित्रं दाखवलीत. यादीबिदी काही नाही."

"बरं," मी म्हणाले.

हा 'बरं' आमच्या धंद्याचा. समोरच्याने सगळं बरोबर सांगितलं तरी बरं, सगळं चुकलं तरी बरं. 'शाबास' म्हटलं की पुढच्या उत्तरात जोर येतो, भुवई जरा हलली की माणूस बिचकतो, म्हणून चेहरा कोरा ठेवायचा आणि सूर सपाट. पहिली दोन वर्षं मला ते जमत नव्हतं. नंतर इतकं जमलं की सुटेना. ब्रेन्डन, माझा मुलगा, सहा वर्षांचा असताना शाळेतून बोटीचं चित्र घेऊन आला, बोटीवर तीन माणसं, त्यातली एक मी, आणि मी म्हणाले, बरं. तो तिथेच उभा राहिला, अजून काहीतरी येईल म्हणून. नेव्हिल, माझा नवरा, अकरा वर्षांपूर्वी सोडून गेला तेव्हा दारात बॅग ठेवून म्हणाला, "मी चाललोय ग्लेनिस, आता तरी काही बोल." मी काय म्हणाले ते सांगायला नको. नेव्हिल हसला. त्याचं ते हसू मला मर्विनसमोर बसले असताना उगाच आठवलं होतं, असं मला वाटतं. पण 'असं मला वाटतं' या शब्दांवर मंगळवारच्या सव्वातीननंतर मी फारसा भरवसा ठेवत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटेल, म्हातारा एवढं ठणकावून सांगत होता तर बाईने एकदा पान उलटून पाहायला काय झालं होतं? त्याचं उत्तर असं की आम्हीच तेवढे असे आहोत, ज्यांना पान उलटायची गरज वाटत नाही. पंधरातले तीनच शब्द आठवले तर आम्ही फार काळजी करत नाही. म्हातारपण आहे, चालायचंच. पण यादी होती हेच ज्याला आठवत नाही, तो आमच्या दृष्टीने गेला. आणि असली माणसं गोंधळून बोलत नाहीत, छातीठोकपणे बोलतात. मर्विन जितका ठाम झाला तितकी मी निश्चिंत झाले. पुढची पायरी म्हणून मी पन्नास शब्द एकेक करून वाचले, हा यादीत होता का, हो की नाही. तो पन्नासही वेळा 'नाही' म्हणाला. मध्येच म्हणाला, "तुम्ही वाचलंच नाहीत, मग मी हो कशाला म्हणू? खोटं बोलू का?" मी लिहिलं, 'स्वतःच्या विस्मरणाची जाणीव नाही'. पन्नासपैकी पन्नास उत्तरं त्याने बरोबर दिली होती. निघताना शेरिलने मला जिन्यापाशी गाठलं, हळूच विचारलं, "किल्ल्या?" निकाल हाती आल्याशिवाय मी कधी तोंड उघडत नाही. पण त्या दिवशी म्हणाले, "तूर्त तुमच्याकडेच ठेवा." का म्हणाले कोण जाणे.

सव्वातीनला ते कोरे रकाने समोर घेऊन मी खुर्चीत बसून राहिले. खाली बंदरात कुठलंतरी मोठं जहाज भोंगा देत होतं. मला यादी वाचल्याचं दिसत होतं. स्वतःचा आवाज ऐकू येत होता. चौथ्या शब्दाला मर्विनने उजव्या अंगठ्याच्या काळ्या पडलेल्या नखाकडे पाहिलं, नवव्याला खिडकीकडे. मग मी स्वतःला विचारलं, जसं रोग्याला विचारते तसं, हा अंगठा आजचाच कशावरून? ह्यूऑनच्या खोऱ्यातून दरवर्षी दहा-बारा बागवाले येतात आणि सगळ्यांचे अंगठे ठेचलेले असतात. ती यादी मी आजवर पाच-सहा हजार वेळा तरी वाचली असेल. पाच-सहा हजार वाचनं एकावर एक रचलेली असताना त्यात एक कमी आहे हे आतून कसं कळणार? विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हेच शिकवते. वर्गात शब्द वाचते, लाट, होडी, वाळू, शिंपला, खारं, मासा, आणि नंतर विचारते, 'समुद्र' हा शब्द कुणी ऐकला? अर्धा वर्ग हात वर करतो. एकदा एका पोरीने शपथ घेतली होती, "मॅडम, तुमच्या आवाजात ऐकलाय मी!" समुद्र मी वाचलेलाच नसतो. वर्ग हसतो, मीही हसते, आणि सांगते की आठवण ही काही फडताळात ठेवलेली वस्तू नव्हे, मन ती दर वेळी नव्याने शिजवतं. वीस वर्षं हे सांगताना मला कधी असं वाटलं नाही की हे माझ्याबद्दल आहे. रोग काय तो इतरांना व्हायचा, असं आम्ही सगळेच धरून चालतो.

खरं सांगायचं तर पुढे मी जे केलं त्याची मला लाज वाटते. मी पेन्सिल घेतली आणि पहिल्या रकान्यात पाच लिहिलं. दुसऱ्यात सात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, आठवीत शाळा सोडलेला, धडधाकट माणूस पाच वेळा ऐकून काय करेल हे मला झोपेतही सांगता येतं: पाच, सात, आठ, नऊ, नऊ. आणि मागचं शून्य तसंच ठेवलं तर एक अगदी देखणं चित्र तयार झालं असतं. शिकताना चांगला आणि अर्ध्या तासात सगळं साफ, पुस्तकात छापण्यासारखा रोगी. कुणाला शंका आली नसती. मर्विनची गाडी गेली असती, मग बाग गेली असती, शेरिलने माझे आभार मानणारं कार्ड पाठवलं असतं. तिसऱ्या रकान्यापाशी हात थांबला. तो चांगुलपणाने थांबला असं मी म्हणणार नाही. मला एवढंच जाणवलं की ही बाई कोरी जागा बेमालूम भरते आहे, आणि विसरणारी माणसं नेमकं हेच करतात. नवरा सकाळी कुठे गेला हे बायको विसरते आणि क्षणात सांगते, दुकानात गेलाय. रबराने पाच आणि सात खोडले, आणि कागदावर दोन मळके डाग राहिले.

बुधवारी सकाळी मर्विनला फोन केला. बराच वेळ वाजला, मग धापा टाकत त्याने उचलला.

"हॅडोसाहेब, मी ग्लेनिस पॅस्को. कालची तपासणी."

"बोला बाई. नापास ना?"

"माझी चूक झाली. काल मी यादी वाचलीच नव्हती."

त्याच्या मागे कोंबड्यांचा कलकलाट चालला होता.

"म्हणजे मी म्हणत होतो तेच," तो म्हणाला.

"हो."

"पन्नास वेळा म्हणालो."

"हो. पन्नास वेळा."

"बाई, मला काल रात्रभर झोप नाही. मी अंथरुणात पडून ती यादी शोधतोय. म्हटलं, एवढी शिकलेली बाई सांगतेय तर वाचली असेल. पहाटे पहाटे मला एकदोन शब्द आठवायलासुद्धा लागले होते." तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "माझ्या बायकोच्या आजारपणातही मी एवढा घाबरलो नव्हतो. तुमची चूक होते, ठीक आहे, माणूस आहात. पण मला वेडा ठरवून मोकळ्या झालात की हो."

मी बरं म्हणणार होते. जिभेवर आलं होतं. "माफ करा," मी म्हणाले. "फार वाईट झालं. शुक्रवारी या, माझी सहकारी टॅमसिन तुम्हाला पहिल्यापासून तपासेल. मी खोलीत नसेन."

"येतो की. पण येऊ कसा? किल्ल्या त्या पोरीने नेल्यात. तुम्हीच सांगा तिला, माझं कोण ऐकतंय."

शेरिलला सांगणं जास्त अवघड गेलं. ती म्हणाली, "तुम्ही बाबांची बाजू घेताय का? त्यांनी काही गोड बोलून पटवलं का तुम्हाला? त्यांना सवय आहे. काल रात्री तीनदा फोन केला त्यांनी मला, तेच तेच विचारायला."

"काय विचारायला?"

"किल्ल्या कधी देतेस म्हणून."

"तुम्ही दिल्यात?"

"नाही."

"मग विचारणारच," मी म्हणाले. पलीकडून फोन आपटला गेला. तरी शुक्रवारी तीच त्याला घेऊन आली. मी काचेआडून पाहिलं, मर्विनने नवा शर्ट घातला होता, केस पाण्याने चापून बसवले होते, आणि माझ्या दाराकडे ढुंकूनही न पाहता तो टॅमसिनच्या खोलीत शिरला. मी बाहेर बसून राहिले. रोग्यांचे नातेवाईक बसतात त्याच बाकावर. दीड तासाने तो बाहेर आला, माझ्यापाशी थांबला, म्हणाला, "या वेळी वाचली हो यादी," आणि मुलीपुढे तळहात पसरून उभा राहिला. शेरिलने पर्स उघडली. तिचे डोळे भरले होते, सुटकेने की रागाने ते मला कळलं नाही.

टॅमसिन चौतीस वर्षांची आहे. मीच तिला शिकवलं, पेन्सिल कशी धरायची इथपासून. दार लावून ती म्हणाली, "नऊ. अर्ध्या तासाने आठ. त्याच्या वयाला उत्तमच. वर मला कलम कसं बांधायचं ते शिकवून गेला. मंगळवारी काय झालं होतं, ग्लेनिस?"

मी सांगितलं. पाच आणि सात लिहून खोडल्याचंही सांगितलं. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. "थकली असशील," ती म्हणाली. "जूनमध्ये, विद्यापीठाच्या परीक्षांच्या दिवसांत, तुझी नेहमी ओढाताण होते. माझंही एकदा झालं होतं, अख्खा एक भाग गाळला होता मी."

"तुला लगेच कळलं होतं ना?"

"हो."

"मला वाचल्याचं आठवतंय, टॅमसिन. अजून आठवतंय. मला तपास."

"कशाने तपासू?" ती वळून एकदम चिडल्यासारखी म्हणाली. "सांग ना, कशाने? यादी तुला पाठ, ठोकळे पाठ, चित्रं पाठ. दुसरी यादी आहे ती तू स्वतः बसवलीस. मी कुठल्या शब्दाला अडखळते तेसुद्धा तुला माहितीये. तुझ्या डोक्यात कापूस भरला असेल ना, तरी तुला पैकीच्या पैकी मिळतील. मेलबर्नला मेंदूचा फोटो काढून घे. तोवर काय करायचं ते तुलाच माहीत आहे, मला कशाला बोलायला लावतेस?"

ती रडवेली झाली होती. काय करायचं ते मला ठाऊक होतंच. आमच्या सगळ्या चाचण्यांना जे सापडत नाही ते घरातल्या माणसाच्या एका उत्तरात सापडतं. कधीपासून? हा तो प्रश्न. रोगी बाहेर बसलेला असताना आम्ही बायकोला, मुलाला, शेजारणीला आत बोलावून विचारतो, आणि बहुतेक वेळा उत्तर तयार असतं. कुणी म्हणतं, भावाच्या लग्नापासून. कुणी म्हणतं, गेल्या नाताळात त्यांनी दोनदा मीठ घातलं तेव्हापासून. दोन-दोन वर्षं ही माणसं तो दिवस पोटात ठेवून फिरत असतात आणि कुणी विचारायची वाट पाहतात. टॅमसिनने त्याचा छापील कागद काढून माझ्यापुढे ठेवला, वर माझं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. 'माहिती देणाऱ्याचं नाव' या रकान्यापाशी थांबून तिने माझ्याकडे पाहिलं. घरी कोण आहे, असं तिला विचारावं लागलं नाही. "ब्रेन्डन आहे," मी म्हणाले. "पर्थला. दर रविवारी आम्ही बोलतो." दर रविवारी मी त्याला फोन करते. त्याने कधी आपण होऊन केला नाही, आणि तो का करत नाही हे समजण्याइतकी मानसशास्त्राची माहिती मला आहे.

शनिवार मी घरातच काढला. स्वतःकडे पाहत. स्त्री, वय त्रेसष्ट, उजव्या हाताने लिहिते, सहकार्य करते. मी घरभर हिंडून पुरावे शोधत होते आणि सापडले नाहीत तेव्हा मला बरं वाटण्याऐवजी संशयच आला. फ्रिजमध्ये दुधाच्या तीन बाटल्या होत्या. तीन जास्त आहेत का? एकट्या बाईला तीन जास्त आहेत. पण मीच लागोपाठ सुट्ट्या आहेत म्हणून आणल्या असतील, आणि लगेच तसं आठवायलाही लागलं, दुकानातली पोरगी, तिचा खोकला, सुट्टीबद्दलचं बोलणं. असं पुरवायला मन तयारच असतं. मला भीती वाटत होती. भीती कशी मोजायची ते मला माहीत आहे, एक ते दहा, पण स्वतःला आकडा द्यायला बसले तर आकडाच सुचेना.

रविवारी मी ठरवून शांत राहिले. सकाळचा तपशील मला क्रमाने सांगता येतो. आठला उठले. अंडं उकडलं. कपडे मशीनला लावले, वारा होता म्हणून आतच वाळत घातले. अकराच्या सुमाराला डोंगरावर बर्फ दिसत होतं ते थोडा वेळ पाहिलं. दुपारी सूप गरम केलं, वर्तमानपत्रातलं शब्दकोडं अर्धं सोडवलं. फोन दुपारी करायचा असं आदल्या दिवशीच ठरवलं होतं, कारण पर्थचं घड्याळ आमच्या दोन तास मागे आणि ब्रेन्डनला रविवारी उशिरा उठायची खोड. चारला मी टॅमसिनने दिलेला कागद टेबलावर ठेवला, पेन्सिलीला टोक केलं आणि फोन लावला.

"हॅलो आई," तो म्हणाला. मागे नळ वाहत होता, भांडी वाजत होती.

"जेवलास?"

"आत्ताच. बोल."

"ब्रेन्डन, एक विचारायचंय. धंद्यातला प्रश्न आहे, पण उत्तर मात्र खरं दे. माझं मन राखायला काही बोलू नकोस. माझ्यात तुला काही फरक वाटतो का? विसरण्याबिसरण्याच्या बाबतीत? आणि वाटत असेल तर कधीपासून?"

नळ बंद झाला. कुठलंसं दार लागल्याचा आवाज आला. "आई, तू बसलीयेस का?"

"बसलीये."

"हे तू मला सकाळी विचारलंस."

मी पेन्सिल उचलली.

"पावणेअकराला, तुझ्याकडच्या. त्या सफरचंदवाल्याचं सगळं सांगितलंस. मग हेच विचारलंस, याच शब्दांत, मन राखायला बोलू नकोस वगैरे. मी सांगितलं. तासभर बोललो आपण. तू रडलीस, आई. मी तुला कधी रडताना ऐकलं नव्हतं. मग म्हणालीस, कपडे काढते मशीनमधून, आणि फोन ठेवलास."

मी खोलीतले कपडे पाहिले. टॉवेल, दोन शर्ट, मोजे. ते मी वाळत घातले होते, ते मला आठवत होतं, हात गार पडल्याचं आठवत होतं. त्याच्या आधी डोळे पुसल्याचं आठवत नव्हतं. मी फार घाबरले. इतकी की पेन्सिल टेबलावर ठेवून दोन्ही हातांनी फोन धरला.

"हे आजच झालं का?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

"दर रविवारी तू दोनदा फोन करतेस. एकदा सकाळी, एकदा दुपारी. गेलं वर्षभर तरी. दोन्ही वेळा जेवलास का म्हणून विचारतेस."

"आणि तू मला सांगितलं नाहीस? वर्षभर? अरे, मी काय काम करते ते ठाऊक आहे ना तुला? माझ्या हाताखालून माणसं जातात!"

"ठाऊक आहे. चुकलंच माझं. सकाळीही तू हेच म्हणालीस, आणि मी हेच म्हणालो." मी त्याचा श्वास ऐकत होते. "पण आई, दुपारच्या फोनला तू वेगळी असतेस. सकाळी कामासारखं बोलतेस. दुपारी मध्येच हसतेस, माझ्या लहानपणचं काही काढतेस, अजून काय, अजून काय, असं विचारत राहतेस. मला वाटायचं, सांगितलं तर दुपारचा फोन बंद होईल. लहानपणी तुझा एक शब्द मिळायची मारामार होती आणि आता आठवड्याला दोन-दोन फोन. मला ते सोडवेना गं."

बाहेर वारा सुटला होता, काच थरथरत होती. मी त्याला काय म्हणायला हवं होतं ते सगळं मला एकदम सुचलं, आणि त्यातलं एकही वाक्य मला पुरं करता आलं नाही. मी नुसतं त्याचं नाव घेतलं. मग पुन्हा घेतलं. तो हूं म्हणाला.

"पुन्हा सांग मला," मी म्हटलं. "पहिल्यापासून. कधीपासून ते."

"पुन्हा रडशील."

"रडेन. तू थांबू नकोस. मी लिहून घेते, थोडं हळू सांग."

मी कागद पुढे ओढला आणि 'माहिती देणाऱ्याचं नाव' या रकान्यात लिहिलं, ब्रेन्डन, मुलगा. त्याने खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला, आणि मग तो दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टपासून, एकेक गोष्ट, हळूहळू सांगायला लागला.